चारशे फूट खाली उतरलेले मजूरमंत्री

बाबासाहेब म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? निळा कोट, हातात संविधान, उगारलेलं बोट. चवदार तळं, काळाराम मंदिर, नागपूरची दीक्षाभूमी. डिसेंबर महिना लागला की ६ तारीख तर आपल्याकडे सांगावीही लागत नाही. नांदेडहून, लातूरहून दादरकडे निघालेल्या गर्दीने रेल्वे स्टेशनं भरून जातात.

पण डिसेंबर महिन्यातलंच आणखी एक चित्र आहे. साल १९४३. ठिकाण धनबादजवळचं झरिया, आजच्या झारखंडमध्ये. भुलनबरारी नावाच्या कोळसा खाणीत देशाचा मजूरमंत्री जमिनीखाली सुमारे ४०० फूट उतरतो. कामगार कोळसा कसा फोडतात, डब्यांत कसा भरतात, हे जवळ उभं राहून बघतो. वर आल्यावर त्यांची घरं बघतो, दवाखाना बघतो. हे मजूरमंत्री म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तेव्हा त्यांचं वय ५२ होतं.

कुठल्या चौकातल्या पुतळ्यात हे चित्र दिसत नाही. शाळेच्या पुस्तकातही सहसा सापडत नाही. म्हणून आज बाबासाहेबांची गोष्ट आपण या खाणीच्या बाजूने वाचू.

आपला काय संबंध?

तुम्ही म्हणाल, मराठवाड्यात कुठे आल्यात कोळशाच्या खाणी? बरोबर आहे. आपल्या पायाखाली लाव्ह्यापासून बनलेला काळा पाषाण आहे, कोळसा नाही. पण किनवटच्या पुढे आदिलाबादकडे गेलं की थोड्याच अंतरावर कोळशाचा मुलूख सुरू होतो. एका अंगाला वणी, चंद्रपूर, बल्लारपूर, तर दुसऱ्या अंगाला तेलंगणातल्या सिंगरेणीच्या खाणी. परळीच्या वीज केंद्रात वर्षानुवर्षं जळतोय तो बाहेरून आलेलाच कोळसा. तुम्ही रात्री हॉस्टेलवर मोबाइल चार्जिंगला लावता, त्या विजेच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी कोळसा काढणारा माणूस असतो. तो आपल्याला दिसत नाही, एवढंच.

बाबासाहेबांचं वेगळेपण इथेच आहे. जो माणूस कुणाला दिसत नाही, त्याच्याकडे आधी बघायचं, ही सवय त्यांना दिल्लीत मंत्री झाल्यावर लागलेली नव्हती. ती फार जुनी होती.

चाळीतलं शिक्षण

१४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे त्यांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झाले आणि पुढे हे कुटुंब मुंबईत गिरणगावात आलं. परळच्या बीआयटी चाळीतल्या छोट्या खोल्यांमध्ये बाबासाहेबांनी आयुष्याची वीसेक वर्षं काढली. शेजारीपाजारी गिरणी कामगार, गोदीतले हमाल, रेल्वेतले खलाशी. पहाटेचा भोंगा, पाळीवरून परतणारी माणसं, भिंतीपलीकडून रात्रभर ऐकू येणारा खोकला, असं ते जग होतं. पत्नी रमाबाई यांचे वडील दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहून पोट भरणारे. शरीर झिजवून जगणं म्हणजे काय, हे या घराला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

१९१३ मध्ये ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, नंतर लंडनला. अर्थशास्त्र आणि कायदा अशा दोन्ही विषयांतल्या मोठ्या पदव्या घेऊन १९२३ मध्ये परतले. आज परदेशातून असं शिकून आलेला मुलगा राहायला कुठे जाईल? बाबासाहेब पुन्हा परळच्या चाळीतच राहिले.

गिरण्यांमधली एक गोष्ट त्यांना नेमकी ठाऊक होती. विणकाम खात्यात पगार जास्त मिळायचा, पण तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण काय? धोट्यातली कांडी बदलली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार, म्हणून विटाळ! आता आरोग्याच्या नजरेने बघा. धागा तोंडाने ओढताना कापसाची बारीक तंतुधूळ घशात आणि छातीत जायची. क्षयासारखा रोग एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जायला हाच रस्ता होता. म्हणजे त्या धोट्याचा खरा धोका रोगाचा होता, पण चर्चा व्हायची विटाळाची. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी विणकाम खात्याच्या या बंदीचा मुद्दा थेट कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. कामगारांची एकी हवी असेल तर आधी कामगारांमधली जात बघा, असा त्यांचा आग्रह होता.

कोणतं काम कुणाच्या वाट्याला येतं, हे आपल्याकडे फक्त अंगातल्या ताकदीवर किंवा शिक्षणावर ठरत नाही, ते जन्मावरही ठरतं. आणि काम ठरलं की त्या कामाचा आजारही ठरतो. ही साखळी बाबासाहेबांनी फार लवकर ओळखली होती. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत मोठा एक दिवसाचा संप झाला. त्यात ते डाव्या पुढाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते.

मग जुलै १९४२ मध्ये बोलावणं आलं ते थेट दिल्लीहून. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं त्यांच्याकडे आलं. चाळीत कामगारांच्या शेजारी राहिलेला माणूस देशाचा मजूरमंत्री झाला.

खाली काय असतं?

दुसरं महायुद्ध सुरू होतं. रेल्वे, कारखाने, जहाजं सगळी कोळशावर चालत होती. आणि नेमके कामगार खाणी सोडून जात होते, कारण लष्करी बांधकामांवर मजुरी बरी मिळायची आणि जमिनीवरचं काम होतं. सरकारला कोळसा हवा होता. बाबासाहेबांना मात्र माणसं का निघून जातात, हे आधी समजून घ्यायचं होतं.

भूमिगत खाणीत माणसाच्या जिवावर नेमकं काय उठतं, ते आपणही समजून घेऊ.

पहिलं संकट छताचं. कोळसा काढला की पोकळी उरते आणि वरचा डोंगराएवढा भार खांबांवर येतो. खांब कमी पडले तर छत बसतं. उपाय म्हणजे रिकाम्या जागेत वाळू भरणं. पण वाळू आणायला पैसे लागतात, म्हणून मालक टाळाटाळ करायचे. झरियात तर १९१६ पासून जमिनीखाली लागलेली आग विझायचं नाव घेत नव्हती. आजही तिथे काही ठिकाणी जमीन धुमसते.

दुसरं संकट वायूंचं. कोळशाच्या थरांत मिथेन अडकलेला असतो. तो हवेत ठरावीक प्रमाणात मिसळला आणि ठिणगी पडली की स्फोट. स्फोटातून वाचलेल्याला कार्बन मोनॉक्साइड गाठतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि माणूस झोपेत गेल्यासारखा जातो. म्हणूनच एकेकाळी ब्रिटनमधले खाणकामगार कॅनरी पक्ष्याचा पिंजरा सोबत नेत. पक्षी आधी कोसळला, तर माणसाला पळायला वेळ मिळे.

तिसरं संकट धुळीचं, आणि ते सगळ्यात दगाबाज. मोठे कण नाकात, घशात अडकतात. पण अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत, वायुकोशांपर्यंत पोचतात. शरीरातल्या पेशी ते कण गिळायला जातात. त्या झगड्यात फुप्फुसात व्रण तयार होतात आणि फुप्फुस हळूहळू ताठर होत जातं. कोळशाच्या धुळीने होतो तो काळ्या फुप्फुसांचा आजार. दगडातल्या सिलिकाने होतो तो सिलिकॉसिस. पहिली दहा-पंधरा वर्षं काहीच कळत नाही. मग जिना चढताना धाप लागते, पुढे सपाट रस्त्यावरही. झालेलं नुकसान कुठल्याही औषधाने भरून येत नाही. सिलिकॉसिस झालेल्या माणसाला क्षय लवकर जडतो. आणि कित्येकदा सिलिकॉसिसलाच क्षय समजून औषधं दिली जातात, कारण तू काम काय करतोस, हे डॉक्टर विचारतच नाहीत.

चौथं संकट साधं दिसणारं. खाली संडास नाहीत, जमीन ओली आणि उबदार, पाय अनवाणी. अंकुशकृमी म्हणजे हुकवर्मला याहून बरी जागा कुठली? त्याच्या अळ्या पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात आणि मग आतड्यात रक्त पीत बसतात. कामगार पांढराफटक पडतो, दमतो, आणि मुकादम म्हणतो आळशी आहे. वर आल्यावर अंघोळीला पाणी नाही. तोच काळा देह घेऊन कामगाराच्या एका खोलीच्या धौड्यात जायचं, तिथेच चूल, तिथेच लेकरं.

हे सगळं फायलीत वाचता आलं असतं. बाबासाहेबांनी खाली उतरून बघितलं.

टनामागे काही आणे

बघून झाल्यावर काय केलं, हे जास्त महत्त्वाचं आहे. दौरे तर पुढारी करतातच.

जानेवारी १९४४ च्या अखेरीस कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. त्यामागची कल्पना सोपी पण जबरदस्त होती. खाणीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक टन कोळशावर काही आणे उपकर बसवायचा. तो पैसा वेगळ्या निधीत जमा करायचा आणि त्यातून फक्त खाण कामगारांची घरं, पाणी, दवाखाने, शिक्षण यावर खर्च करायचा. त्यावर सल्ला द्यायला समिती, आणि त्या समितीत मालकांसोबत कामगारांचेही प्रतिनिधी.

यात अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब दिसतात. कामगाराचं आरोग्य त्यांनी मालकाच्या दयेवर सोडलं नाही आणि सरकारच्या उरल्यासुरल्या पैशांवरही सोडलं नाही. ते कोळशाच्या किमतीतच धरलं. कोळसा काढताना माणसाचं शरीर झिजतं ना? मग ती झीज कोळशाच्या खर्चात लिहा. पुढे १९४७ मध्ये या निधीचा पूर्ण कायदा झाला. धनबाद आणि आसनसोल इथे खाण कामगारांसाठी मोठी रुग्णालयं उभी राहिली ती याच निधीच्या बळावर.

खाण कायद्यात दुरुस्त्या झाल्या. खाणीच्या तोंडाशी अंघोळीची सोय आणि कपडे ठेवायला जागा, कामावर येणाऱ्या आयांच्या बाळांसाठी पाळणाघर, या गोष्टी १९४५-४६ मध्ये कायद्यात आल्या. ज्यांनी कधी कोळशाची धूळ अंगावर घेतली नाही, त्यांना अंघोळीचा कायदा म्हटलं की हसू येईल. काळ्या अंगाने घरी जाऊन लेकराला उचलणाऱ्या बापाला विचारा. १९४६ मध्येच अभ्रकाच्या खाणींसाठीही असाच कल्याण निधी आला. कारखान्यांमधला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, तोही याच वर्षीच्या दुरुस्तीने. सरकार, मालक आणि कामगार यांनी एका टेबलाशी बसून बोलायची त्रिपक्षीय पद्धत याच काळात रुजली.

एक अडचणीचा निर्णय

मोठ्या माणसाचं चरित्र वाचताना आपण अडचणीची पानं पटकन उलटतो. तसं करायला नको.

बायकांना जमिनीखाली कामाला लावायचं नाही, असा नियम भारतात १९२९ पासून टप्प्याटप्प्याने आला होता आणि तीसच्या दशकाच्या शेवटी बंदी पूर्ण झाली होती. १९३५ चा तसा आंतरराष्ट्रीय करारही भारताने मान्य केला होता. पण युद्धात कोळसा कमी पडला आणि १९४३ मध्ये सरकारने ही बंदी उठवली. तेव्हा मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. अखिल भारतीय महिला परिषदेने कडाडून विरोध केला. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सरकारला जाब विचारला गेला आणि उत्तर द्यायला बाबासाहेब उभे राहिले. ही युद्धातली तात्पुरती सोय आहे, आणि खाली उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, अशी त्यांची बाजू होती.

निर्णय बरोबर होता का? त्यावर वाद घालता येईल, घालावाच. एकीकडे समान मजुरीचं तत्त्व, जे आजही कित्येक शेतांत आणि बांधकामांवर पाळलं जात नाही. दुसरीकडे गरोदर बाईला अंधारात, धुळीत, पडत्या छताखाली काम. झरियात नवरा कोळसा फोडायचा आणि बायको टोपलीने डब्यात भरायची. तिथे त्यांना कामीन म्हणत. बंदीने या बायकांचा जीव वाचला, पण घरात येणारे चार पैसेही गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. बाबासाहेबांच्या खात्याने खाणीतल्या बायकांचा बाळंतपणाचा कायदा अधिक कडक केला आणि १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली.

२०१९ मध्ये तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी स्त्रियांना भूमिगत खाणीत जायची परवानगी मिळाली, तीही तेव्हा दिवसा आणि लेखी संमतीने. मायनिंग इंजिनिअर झालेल्या मुली आज खाणीत उतरतात. फरक हाच की त्या गॅस मोजणारं यंत्र, हेल्मेट आणि पदवी घेऊन उतरतात.

खाण संविधानात गेली

१९४६ च्या मध्यात बाबासाहेबांचं मजूर खातं संपलं. पुढच्याच वर्षी संविधानाच्या मसुदा समितीचं काम त्यांच्याकडे आलं. आता जरा संविधान उघडा. मूलभूत हक्कांमध्ये कलम २४ बघा. १४ वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा इतर धोक्याच्या कामावर ठेवता येणार नाही, असं ते सांगतं. खाण हा शब्द तिथे स्पष्ट आहे. कलम ३९ मध्ये कामगारांच्या आरोग्याचा आणि ताकदीचा गैरवापर होऊ नये, गरिबीपायी कुणाला न झेपणारं काम करावं लागू नये, असं धोरण आहे. कलम ४२ मध्ये कामाची माणुसकीची परिस्थिती आणि बाळंतपणाची सवलत. ही कलमं एकट्या माणसाने लिहिलेली नाहीत, संविधान सभेत त्यावर चर्चा झाली. पण समितीच्या अध्यक्षाला खाणीचा अंधार माहीत होता, हे विसरता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये नवा खाण कायदा आला. कामगारांची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी सुरू झाली. तरी संकट संपलं नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. त्यानंतर १९ वर्षांनी, २७ डिसेंबर १९७५ रोजी, धनबादजवळच्याच चासनाला खाणीत पाणी घुसलं आणि सुमारे पावणेचारशे कामगार बुडून मेले. तुमच्या आईबाबांनी बघितलेला काला पत्थर हा सिनेमा त्याच दुर्घटनेवर बेतलेला आहे. कायदा कागदावर असणं वेगळं आणि चारशे फूट खाली पोचणं वेगळं.

आपल्या गावातली खाण

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यात शौचालयाची टाकी साफ करायला उतरलेले पाच जण मेले. नांदेड-लातूरला हे काही परकं गाव नाही. त्या टाकीत काय होतं? तेच, जे खाणीत असतं. कोंडलेली हवा, कमी झालेला ऑक्सिजन, सडक्या कुंड्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड. हा वायू जास्त असला की नाकाची वास घेण्याची ताकदच जाते, म्हणून धोका टळला असं वाटतं. बंद पडलेल्या जुन्या विहिरीतही असाच घात होतो. एक उतरतो, निपचित पडतो. त्याला काढायला दुसरा उडी घेतो, मग तिसरा. अशा घटनांत वाचवायला गेलेलेच जास्त जातात.

म्हणून हे लक्षात ठेवा. बंद टाकीत किंवा जुन्या विहिरीत कुणी कोसळलं, तर मागोमाग उतरायचं नाही. आधी अग्निशमन दलाला फोन करायचा. ऑक्सिजनचा संच आणि दोर असल्याशिवाय कुणीही खाली जायचं नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूत ३० लाख रुपये भरपाई द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल आहे. आणि टाकीत उतरायला कुणाला बोलावतात, त्याची जात कोणती असते, हेही बघा. गिरणीतल्या धोट्याची गोष्ट अजून संपलेली नाही.

खडी क्रशरवर, वीटभट्टीवर, पुण्या-हैदराबादच्या बांधकामावर आपल्याच गावची माणसं काम करतात. तुमच्यातला कुणी डॉक्टर होईल. त्याने धाप लागलेल्या रुग्णाला आधी काम विचारावं. कुणी इंजिनिअर होईल. त्याने सुरक्षेचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या पानावर धरावा. कुणी वकील होईल, कुणी स्पर्धा परीक्षा देऊन अधिकारी. त्याने पाहणीचा अहवाल खुर्चीत बसून लिहू नये.

बाबासाहेबांच्या फोटोला हार घालायला वर्षातून दोन दिवस पुरतात. आपल्यासाठी अंधारात कोण उतरतंय, हे बघायचं काम मात्र रोजचं आहे.